नभोगस्तची उत्तरपत्रिका

सकाळी सव्वाअकरा वाजता साळसकर बाईंनी ‘नभोगस्त’ कादंबरीचं शेवटचं पान मिटलं, चष्मा काढला, आणि तेव्हा कुठे त्यांना दिसलं की आपल्या उजव्या हातात लाल पेन आहे.

ते तिथे कसं आलं, हे विनया साळसकरांना आजतागायत सांगता आलेलं नाही. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि बोर्डाचे पेपर तपासले की हात डोक्याची परवानगी मागत नाही. स्वतःच्या लग्नपत्रिकेत त्यांनी सासऱ्यांच्या देखत तीन चुका काढल्या होत्या असं म्हणतात, आणि सासऱ्यांनी त्या निमूटपणे दुरुस्त करून घेतल्या असंही म्हणतात.

पण लग्नपत्रिका निदान त्यांची होती. हे पुस्तक होतं नातीचं.

‘नभोगस्त’ ही अंतराळातली मालिका आजी-नात सहा वर्षं एका सोफ्यावर बसून बघत होत्या. चार सीझन, दोन सिनेमे. तिच्यावर कादंबरी येणार म्हटल्यावर नववीतल्या आर्याने पहिल्याच दिवशी नाव नोंदवलं. आवृत्ती नोंदणीतच संपली. आज संध्याकाळी पाचला लेखक वसईत येऊन सह्या देणार होता. आर्या शाळेतून थेट हॉलवर जाणार आणि आजीने पुस्तक घेऊन यायचं, असं ठरलं होतं.

“आजी, तोपर्यंत वाच,” आर्याने सकाळी बजावलं होतं. “पण एक डाग जरी पडला ना, तर शनिवारचा नवीन सीझन मी मम्मीसोबत बघणार. सिरियसली.”

मम्मीसोबत! जी शनी म्हटलं की आधी साडेसाती कुणाला आहे ते विचारते!

बाईंनी पुस्तक दोन्ही हातांनी उघडलं होतं. पहिल्या पानाला अंगावर काटा आला. पाचव्या पानाला कपाळावर आठी आली. जिने तिसऱ्या सीझनमध्ये एकटीने धूमकेतू वळवला, ती कप्तान रेवती इथे साठ पानं नुसती मीटिंग घेत होती. यान शनीवरून जेवून निघत होतं आणि नेपच्यूनला चहाच्या वेळी पोचत होतं. शंभराव्या पानावर मेलेला खलनायक एकशे चाळिसाव्या पानावर घसा खाकरत होता. आणि सहाव्या प्रकरणात, जीव गुदमरतोय म्हणून, कप्तानीणबाईंनी भर अंतराळात यानाची खिडकी उघडून मोकळी हवा घेतली!

आता समासात सगळीकडे लाल शाई होती. ‘कुठली हवा??’ ‘शास्त्रीय कारण द्या.’ ‘पाल्हाळ.’ ‘मेला होता ना?’ दहा प्रकरणं, प्रत्येकाला दहापैकी गुण. शेवटच्या पानावर शंभरपैकी अठ्ठावीस आणि खाली लफ्फेदार सही.

बाईंनी खोडरबर लावलं. पान गुलाबी झालं. पांढरी शाई लावली. पान चुना फासल्यासारखं दिसू लागलं. मग त्यांनी फोन उचलला.

“बॅप्टिस्ट सर, तुमच्याकडे नभोगस्त आहे ना?”

“आहे की! आमच्या स्टीवनने बुक करून दिली. बाई, खिडकी वाचलीत का? खिडकी उघडली हो तिने!”

“सर, पुस्तक आहे तिथेच ठेवा. मी निघाले.”

आचोळ्याहून भुईगावपर्यंत बाई रिक्षात पुढे वाकून बसल्या होत्या. वाटेत त्यांनी रिक्षावाल्याला वेग, अंतर आणि वेळ यांचं सूत्र तोंडी म्हणायला लावलं. तोच सांगतो सगळ्यांना.

बॅप्टिस्ट सर म्हणजे बाईंच्या शाळेतले निवृत्त गणित शिक्षक. केळीच्या वाडीत घर, ओटीवर आरामखुर्ची. बाईंनी एका दमात हकिकत सांगितली. “तुमची प्रत द्या सर, जन्मभर उपकार विसरणार नाही.”

सर उठले. आत गेले आणि पुस्तक पाठीमागे धरून बाहेर आले. बाईंनी ते जवळजवळ हिसकावलंच.

पानापानावर हिरवी शाई होती. सर बोर्डाचे मॉडरेटर. त्यांच्या काळी परीक्षकाचं पेन लाल, त्यावर नजर ठेवणाऱ्या मॉडरेटरचं हिरवं.

“तुम्हीसुद्धा?”

“सवय, बाई. आमची मार्गारेट आता माझ्या हाती प्रार्थनेचं पुस्तकही देत नाही.”

इथे बाईंनी खरं तर कपाळाला हात लावायला हवा होता. पण त्यांची नजर शेवटच्या पानावर गेली आणि आर्या, शनिवार, पाच वाजता, सगळं पुसलं गेलं.

“त्रेचाळीस? सर, त्रेचाळीस कशाचे दिलेत?”

“सुरुवात बरी आहे हो.”

“सुरुवातीला तुम्ही कायमच ढिले! आणि सहाव्याला तीन?”

“खिडकीचं वर्णन चांगलं आहे.”

“खिडकी हवीच कशाला होती!”

“पंधरा गुणांची तफावत आहे, बाई,” सर गंभीर झाले. “अशी तफावत पडली की दोघांनी बसायचं. नियम आहे.”

झालं. नियम म्हटल्यावर बाई बसल्या. बाईंची प्रत मध्ये ठेवून एकेक प्रकरण पुन्हा तपासणं सुरू झालं. आवाज असे चढले की वाडीतले कावळे शेजारच्या वाडीत गेले. सातव्यावर गाडी अडली. त्यात टिपूर नावाचा रोबो एका विझणाऱ्या ताऱ्याजवळ सोबतीला थांबून राहतो, बाकीचे निघून जातात तरी.

“सहा द्या,” सर म्हणाले. “तुम्ही रडला असाल इथे.”

“रडले. पण अश्रूंना गुण नसतात. दोन!”

सातवं मागे ठेवून बाकीचं उरकलं, बेरीज करून टाकली. एकतीस. नापास! बाईंनी लाल, सरांनी हिरवी, अशा दोघांनी समाधानाने सह्या ठोकल्या.

“अहो, सव्वाचार वाजले!” मार्गारेटबाई दारातून ओरडल्या. “ती पोर उभी असेल तिथे!”

धावपळ उडाली. दोघं रिक्षात चढता चढता सातव्याला चारवर तडजोड झाली, आणि पारनाक्याच्या अलीकडे बाईंनी हिसके खात तो आकडा समासात लिहिला.

हॉलमध्ये आर्या रांगेत पहिली पोचली होती. “आजी, किती उशीर! दे लवकर!” तिने पुस्तक उघडलं. एक पान, दोन पानं.

“आजी,” ती एवढंच म्हणाली. मग नजर वळवून म्हणाली, “मम्मीला सांगते शनिवारचं.”

बाईंनी पुस्तक परत ओढायला हात घातला. पण मागून रांग रेटत होती, आणि पुस्तक लेखकापुढे गेलंच.

लेखक जितेंद्र म्हात्रे, जूचंद्रचा. नवा कडक शर्ट, पेनचं टोपण दातात. “नाव काय लिहू?” म्हणत त्याने पान उलटलं आणि टोपण खाली पडलं. तो वाचू लागला. एक मिनिट, तीन मिनिटं.

“हे कोनी केलं?”

“मी,” बाई पुढे झाल्या. “तिचा काही दोष नाही. तिची प्रत आहे, खराब मी केली.”

“आनि हिरवं?”

“मी,” सरांनी हात वर केला.

जितेंद्रची बोटं टेबलावर हलत होती. एकेक प्रकरण, एकेक आकडा. “बाई, बेरीज चुकली.”

“अशक्य.”

“सातव्याचे चार धरलेच नाय. एकतीस आनि चार पस्तीस. म्हंजे मी पास!”

हॉल शिट्ट्यांनी दणाणला. बाईंनी तीनदा मोजलं. पस्तीस वर्षांत एका बेरजेचा डाग नव्हता! सरांनी छताकडे बघितलं. शेवटी बाईंनी एकतीस खोडून पस्तीस केले, आणि खाडाखोडीवर नियमाप्रमाणे छोटी सही केली.

“तीन महिन्यांत लिवून घेतली हो माझ्याकडनं,” जितेंद्र हळूच म्हणाला. “ती खिडकी मलापन खटकली होती. पन सगळे नुसतं छान, छान. सातवं तेवढं माझं मी लिवलंय. ते कोनी वाचलं असंल असं वाटलं नव्हतं.” आणि त्याने पस्तीसच्या खालीच सही करून तारीख घातली.

आर्याने पुस्तक परत घेतलं. लेखकाची सही, परीक्षकाची सही, मॉडरेटरची सही. मागच्या मुलीने मान लांब करून बघितलं.

“बाई, माझी पण प्रत तपासाल? प्लीज?”

“माझी पण!”

बघता बघता रांग लेखकाच्या टेबलावरून वळली आणि बाईंच्या खुर्चीपुढे उभी राहिली. आर्याने क्षणभर विचार केला आणि कंबर कसली. “ढकलू नका! एकाला दोनच शेरे!”

तासाभराने रांगेचं शेवटचं टोक पुढे आलं. तिथे जितेंद्र उभा होता, काखेत जाडजूड फाईल. “दुसरा भाग,” तो म्हणाला. “अजून छापला नाय. शनिवारपर्यंत तपासून होईल?”

बाईंचा हात पुढे झाला. त्याआधीच आर्याने फाईल पकडली आणि आजीच्या बोटांतून लाल पेनही काढून घेतलं.

“परीक्षक मी. शनिवारी सीझन संपला की सोफ्यावर बसून तपासू. आजी, तू आणि सर मॉडरेटर.”

“आणि बेरीज?” सरांनी विचारलं.

आर्याने पेनाचं टोक लेखकाकडे केलं. “ती हेच करतील.”