नलूताईंचं फुफ्फुस

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मोकळेपणानं खोकायची सोय नाही. जिन्यात कुणी नुसतं खाकरलं तरी तिसऱ्या मजल्याचं दार उघडतं आणि वरून आवाज येतो, "कोण खोकलं? किती दिवस झाले?"

माझे मामेसासरे पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा जिन्यात त्यांच्या घशात शेंगदाणा अडकला होता. ते घरात पोचेपर्यंत वजन कमी झालंय का, संध्याकाळी ताप येतो का, सगळं वर सांगून झालं होतं. "घरमालकीण आहे का गं ही?" त्यांनी घाबरून विचारलं.

"नाही हो. नलूताई."

नलूताई म्हणजे डॉ. नलिनी परब. पंचावन्नच्या पुढच्या, कॉटनची साडी आणि खाली स्पोर्ट्स शूज. डॉक्टर खऱ्या, पण पेशंट तपासणाऱ्या नव्हेत. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत टीबीच्या जंतूंवर संशोधन करणाऱ्या. आपण तिथे दिवसभर काय करतो हे बाहेर प्रत्येकाला कळलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. "लोकांसाठीच करतो ना आम्ही? मग लोकांपासून लपवून कशाला करायचं?"

बोलणं बरोबर होतं. पंचाईत पुढच्या वाक्याची. "थांब, सोपं करून सांगते," असं त्या म्हणाल्या की आपण समजावं आणि घरी फोन करून गॅस बंद करायला सांगावा.

हळदीकुंकवाला त्यांनी तिळाचा लाडू उचलला आणि म्हणाल्या, "हा आतला तीळ म्हणजे जंतू. आणि हा गूळ म्हणजे त्याचं मेणचट आवरण. म्हणून औषध पटकन आत शिरत नाही." त्या वर्षी लाडू उरले. भाजीवाल्याकडे फ्लॉवर उलटा धरून त्यांनी चार गिऱ्हाइकांना फुफ्फुसाच्या नळ्या दाखवल्या. शेवटी भाजीवाला म्हणाला, "ताई, घेताय की ॲडमिट करू याला?"

पण कमाल झाली ती सव्वीस जानेवारीला. झेंडावंदन झालं, सगळे सामोशांकडे वळणार तेवढ्यात नलूताईंनी माईक घेतला. "ए विंग, तुम्ही उजवं फुफ्फुस. बी विंग, डावं. हात धरून उभे राहा. भजनी मंडळाच्या चौघी, तुम्ही गोळ्या. आणि खानोलकर, तुम्ही जंतू."

खानोलकर आमचे सेक्रेटरी. ते भडकले. "मी जंतू होणार नाही. माझ्या पदाला शोभत नाही."

"तुम्हालाच शोभतं. आत शिरायचं आणि काही केल्या हलायचं नाही."

सोसायटी हसून हसून लोळली. पण खानोलकरांनी तरुणपणी गावाकडे दशावतारात राक्षस केलेले. अंगात आलं त्यांच्या. दोन्ही विंगा हादरवत ते आत घुसले आणि भजनी मंडळाला म्हणाले, "एक महिन्यात मरतलंय काय मी? सहा महिने येवा, मगे बघू!" गोळ्यांना हसू आवरेना. जंतू काही मरेना. सामोसे गार झाले.

तेव्हापासून आमचं फुफ्फुस गावभर फिरायला लागलं. शाळा, गणपती मंडळ, जिथे बोलावतील तिथे. खानोलकरांनी तर जंतूसाठी काळा झगा शिवून घेतला.

असंच एकदा घाटकोपरच्या एका वस्तीत गेलो. बुद्धविहारासमोरच्या मोकळ्या जागेत खेळ रंगला. खानोलकर नेहमीप्रमाणे गरजले, पोरंटोरं किंचाळली. खेळ संपल्यावर नलूताईंनी विचारलं, "काही शंका?"

मागून तोंडाला ओढणी लावलेली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मधेच सोडल्या गोळ्या तर?"

"छान प्रश्न! थांब, सोपं करून…" नलूताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि थांबल्या. माईक माझ्या हातात दिला आणि तिच्याजवळ जाऊन बसल्या.

तिचं नाव प्रज्ञा. शिवणकाम करायची, भाऊ-वहिनीकडे राहायची. दोन महिन्यांत बरं वाटलं, गोळ्यांनी मळमळायचं, म्हणून तिनं परस्पर बंद केल्या होत्या. खोकला परत सुरू झाला होता. घरी बोलायची भीती वाटत होती. नलूताई फक्त ऐकत होत्या. मी त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात जाऊ. मी येते."

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्या.

मग नलूताई सकाळी लवकर घर सोडायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, जाता जाता प्रज्ञाकडे डोकावते. बाहेर ओट्यावर बसतो मोकळ्या हवेत. माझ्यासमोर गोळ्या घेते. वाटेवरच आहे."

त्यांची प्रयोगशाळा ठाण्याच्या बाजूला. मुलुंडहून ठाण्याला जाताना घाटकोपर वाटेवर आणायचं तर मुंबई उलटी टांगावी लागेल. संध्याकाळी जिन्यात मला बातम्या मिळायच्या. आज तिला मळमळलं नाही. आज वजन वाढलं. आज माझ्या ब्लाउजच्या बाहीवरून मला बोलली, कसला गबाळा शिवलाय म्हणून.

प्रज्ञा बरी झाली. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या त्या दिवशी नलूताईंनी सोसायटीभर पेढे वाटले. पेढ्यावरून काहीही समजावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघाले तर त्या खाली बाकावर बसलेल्या. खांद्याला पर्स, पायात शूज.

"नलूताई, आज इथे?"

"उठले गं सवयीनं. तयारही झाले. खाली आले तेव्हा लक्षात आलं, आता कुठे जायचंय?" त्या हसल्या, पण नीट जमलं नाही. "आई गेल्यापासून सकाळी कुणी माझी वाट बघत नव्हतं. तीच पोरगी बघायची. उशीर झाला की गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी."

मी शेजारी बसले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कान जरा जड, म्हणून त्या स्पीकरवरच बोलतात.

"ताई, कुठे आहेस? पोहे गार झाले की!"

"अगं, पण तुझ्या गोळ्या तर संपल्या."

"मग? तू काय गोळ्या खायला येत होतीस? ये लवकर. ब्लाउजचं माप पण घ्यायचंय."

नलूताई उठल्या. पदर खोचला. चार पावलं गेल्या आणि मागे वळून मला म्हणाल्या, "बघितलंस? केवढ्यांदा ओरडते माझ्यावर!"

अशी बढाई मारताना मी त्यांना प्रथमच पाहत होते.