माजघरी अँटेना चढविल्याची हकीकत

श्री अदृश्य लहरींचा नाथ सांभाळो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघ शुद्ध दशमीस जे वर्तले ते पाहिले तैसे व खोदून खोदून पुसले तैसे लिहितो. या राज्याचे धाकटे धनी निंबाजीराव समुद्रापार राहिले, आणि तेथे त्यांसी कन्यारत्न जाहले, आणि बारशाचा मुहूर्त दोन प्रहरी चारचा ठरला, तेव्हा त्यांनी निरोप धाडिला की, "नाव आत्यानेच ठेवावे. आक्का पडद्यावर दिसल्याखेरीज पाळणा हलणार नाही." आक्का म्हणजे थोरल्या भगिनी सगुणाबाईसाहेब, पंधरा वर्षे वैधव्यात काढिलेल्या, शुभकार्यी आपणहून मागे राहणाऱ्या. निरोप ऐकोन डोळे भरले, म्हणाल्या, "वेडाच आहे गं बाई माझा भाऊ!"

परंतु संकट ऐसे की, वायफायची पेटी दिवाणखानी, संगणक माजघरी, मध्ये दोन हात जाड भिंत, आणि संगणकाच्या कार्डाची अँटेना पत्र्याच्या पोटात कोंडलेली. मग हैबती तांबटास पाचारिले, आणि त्याणे पत्रा उघडोन कार्ड भिंगाखाली धरिले, आणि केसाएवढी तार डाग देऊन जोडिली, आणि मागे भोक पाडून पितळी फिरकी बसविली, की तीवर बाहेरची अँटेना पिळावी. आम्ही पुसिले, "हैबती, लहर तारेतून धावते, मग भिंतीशी का अडते?" म्हणाला, "कारकूनबाबा, तुम्ही लिहा, मला डाग देऊ द्या." बरे म्हटले. तो हात धुवावयास गेला, आणि नव्या वस्तूस पूजा हवीच म्हणोन सुवासिनींनी फिरकीस ओले हळदकुंकू भरभरून वाहिले, आणि कारभाऱ्यांनी वरून अँटेना स्वहस्ते पिळली.

पावणेचार जाहले. पडद्यावर निंबाजीरावांचे मुख उमटले, "आक्का, ऐकू येतं का?" इतके वदले आणि थिजले. हैबतीने अँटेना उतरवून आत पाहिले आणि कपाळास हात लाविला. "पितळ पितळाला लागतच नाही. मध्ये कुंकू बसलंय. पुसायला हवं."

बारशाचे दिवशी कुंकू पुसावे कोणी? सुवासिनी मागे सरल्या, कारभारी म्हणाले हैबतीने पुसावे, आणि हैबती म्हणाला, "माझी बायको जिती आहे, महाराज!" चारास पाच मिनिटे उरली. तेव्हा सगुणाबाईसाहेब पुढे आल्या. "सरा बाजूला. हे मी एकदा केलेलं आहे. तेव्हाही मेले नाही." आणि पदराचे टोक पिळून फिरकीत घातले, लख्ख पुसले, अँटेना चढविली. पडदा उजळला. भावाने लेकीचा कान पडद्यापाशी आणिला, आणि बाईसाहेबांनी "कुर्र्र" करून नाव सांगितले, आणि पोर टकमक पाहू लागले. निंबाजीराव म्हणाले, "आक्का, पदराला काय लागलं?"

"कुंकू रे," म्हणाल्या, आणि हसता हसता रडल्या.

येणेप्रमाणे कन्येचे नाव मैनावती ठेविले गेले, मुहूर्त टळला नाही, आणि ते लुगडे बाईसाहेबांनी कोणास धुवू दिले नाही.