चंद्रीपुढचं सुडाचं स्वगत

"एकेकाला शोधून काढीन! त्यांच्या दारात राख उडेल!" पृथ्वीराज गरजला आणि चंद्री म्हशीनं मागचा पाय झाडला. बादली कलंडली.

"आरं, वरडू नगंस की!" त्याची आई, बायडाबाई, किंचाळली. "पान्हा चोरला बघ तिनं."

"आई, सूड घ्यायला निघालेला माणूस हाय त्यो. हळू कसा बोलंल?"

"मग भाईर जाऊन घे सूड!"

बाहेर जागा कुठं होती? रविवारी कोल्हापुरात मालिकेतल्या खलनायकासाठी ऑडिशन होती. घरात वडील, केरबा, टीव्हीसमोरून हलत नसत. गच्चीवर आवाज चढवला, की शेजारचे पिराजीकाका भांडण सोडवायला काठी घेऊन येत. उरला कागलच्या घरामागचा गोठा. तिथंही आईची अट होती. रेडकू दगावल्यापासून, मान खाजवत कुणी बोलत राहिलं तरच चंद्री धार देई. ते काम करणार असशील, तर बोल काय ते.

पृथ्वीराज प्राणिशास्त्राचा पदवीधर. जनावर घाबरलं की पान्हा अडतो, हे त्यानं परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं, त्यामुळे आईशी वादही घालता येईना. दात-ओठ खात त्यानं आवाज उतरवला. चंद्रीचे कान सैल पडले. आणखी उतरवला. बादलीत धार वाजू लागली.

आठवडाभरात सुडाची अंगाई झाली. आता मोठ्यानं म्हणायला गेलं तर पुढचे शब्दच आठवेनात.

"डिग्री घिऊन म्हशीला भाषान सांगतंय," केरबा गोठ्याच्या दारातून म्हणाले. "नाटकं करून पोट भरतंय व्हय कुणाचं?"

रविवारी आधीचे सगळे उमेदवार भिंती हादरवून गेले. दिग्दर्शक कपाळ दाबून बसला होता. पृथ्वीराज उभा राहिला. हात आपोआप पुढं झाला आणि हवेतली मान खाजवू लागला.

"एकेकाला शोधून काढीन," तो कुजबुजला. "त्यांच्या दारात राख उडेल... गं माझी बाय."

दिग्दर्शकानं कपाळावरचा हात काढला.

"शेवटचं कागदावर नव्हतं," दिग्दर्शक म्हणाला.

"चुकून गेलं, सर."

"राहू दे. अंगावर काटा आला माझ्या. परवापासून साताऱ्यात शूटिंग."

साताऱ्यातल्या पहिल्याच पहाटे आईचा फोन आला.

"बादली कोरडी हाय! मी गोंजारलं, तू करून ठिवल्यालं रेकॉर्डिंग लावलं, ऐकंना. तिला त्येच भाषान पायजे, आनि माणसाच्या तोंडनं. आता तुझ्या आबास्नी हुबं केलंय. जरा सांग त्यास्नी."

मागून केरबांचा आवाज आला. "एकेकाला. शोधून. काढीन."

"आबा, वाचताय तुम्ही. भाव कुठाय त्यात?"

"भाव? शेणात हुबा हाय मी हितं!"

"वरडू नका!" माय-लेक एकदम ओरडले.

केरबांनी पुन्हा म्हटलं. मग थांबून, दमानं घेऊन. धार काही येईना.

"पृथ्वी," ते अगदी हळू म्हणाले, "ह्या माणसाचं नेमकं बिघडलंय काय? सूड कशाचा? कळल्याबिगर मी म्हनायचं कसं?"

पृथ्वीराजनं संवादाचा कागद उलटसुलट करून पाहिला. त्यानं हे कुणाला विचारलंच नव्हतं.

"जा, इचारून ये त्या सायबाला," केरबा वैतागले. "तवर मी हितंच थांबतो."