घरधन्यांनी उखळास कौल दिला त्याची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करून, आणि ज्यांच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर नाही त्या समस्तांस दंडवत घालून, शके एकोणीसशे पंधरा, श्रीमुखनाम संवत्सरी जे वर्तमान जाहले ते लिहितो. राज्य कोणते हे वाचणाराने पुसू नये. राज्यात नदीकाठी शहर थोर, आणि शहरात पेठ एक, तेथे घरधनी बहुत. त्यांची दुमजली-तिमजली घरे, आपण खाली राहावे आणि माड्या बिऱ्हाडकरूंस भाड्याने द्याव्या, ऐसा त्यांचा संसार. अन्नवस्त्राची ददात नव्हती, परंतु भय एक होते, की बिऱ्हाडकरू घर गिळील. कारण राज्याचा कायदा ऐसा, की जो एका छपराखाली सलग वर्षभर राहिला त्यास सहजी हुसकता येऊ नये. मग घरधन्यांनी तोड काढिली. कागद अकरा महिन्यांचा करावा, आणि महिने भरताच बिऱ्हाडकरूने भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि देव्हाऱ्यातले देवदेखील घेऊन बाहेर पडावे, रात्र धर्मशाळेत काढावी, आणि दुसरे दिवशी नवा कागद करून त्याच खोल्यांत परत यावे. यास मोकळा दिवस म्हणत. वर्षानुवर्षे ऐसे चालले, आणि लबाडीस सर्वत्र रीत म्हणू लागले.

घरधन्यांत अंताजीपंत वर्तक म्हणून वडील माणूस होते. कुटुंब वारलेले, मूलबाळ नाही, तळमजल्यावर एकटे राहत. त्यांच्या माडीवर वामनराव भोरकर, डाकखात्यातून निवृत्त जाहलेले, आणि त्यांचे कुटुंब इंदिराबाई, ऐसे बिऱ्हाड एकोणीस वर्षे होते. इंदिराबाईंनी नित्य पंतांस ताक पाठवावे, आणि दिवेलागणीस वामनरावांनी खाली उतरून पंतांशी सोंगट्या खेळाव्या, आणि हरल्यास पंतांनी फासे लबाड म्हणावे, ऐसा त्रिवर्ग सुखाने नांदत होता. मोकळ्या दिवशी मात्र वामनरावांनी ट्रंका उचलून धर्मशाळेत जावे, आणि पहाटेस पंतांनी तेथे थर्मासातून चहा न्यावा, आणि ओशाळे हसून म्हणावे, "कागदापुरतं हो, वामनराव. कागदापुरतं." आणि वामनरावांनीही हसावे. हसण्याजोगे त्यात काही नव्हते, परंतु भाड्याच्या घरात राहणारास घरधन्याबरोबर हसावे लागते.

त्या साली तख्ताची निवडणूक आली. पक्ष दोन, एकाचे निशाण उखळ, दुसऱ्याचे पाट. कौल कोणास द्यावा याची मसलत करावयास घरधनी मंगल कार्यालयात जमले आणि पंतांस वरचे आसन दिले. मग एक बोलिले, पाटाच्या अमलात घरपट्टी वाढली. दुसरे बोलिले, उखळाच्या अमलात ती कमी कधी होती? तिसरे बोलिले, आमचे जावई पाटात आहेत, त्यांचे काम अडले आहे, सबब आम्ही गप्प बसू. कोणी देशाचे काढिले, कोणी धर्माचे, कोणी गटारांचे, आणि चहा दोन वेळा फिरला, परंतु पोटातली गोष्ट ओठावर येईना. शेवटी काशिनाथशेट गुजर, ज्यांची सर्वांत अधिक घरे, ते सुपारी कातरता कातरता बोलिले, "देशाचं मागाहून बघू. वरचं बिऱ्हाड निघणार का नाही, तेवढं दोघांना विचारून या." तेव्हा सर्वांचा जीव भांड्यात पडला, आणि पंतांस वकिलीस धाडिले.

पंत प्रथम पाटाच्या सरदारांकडे गेले. ते तरुण, तोंडाचे गोड, बोलिले, "दहा वर्षं राहिला तो घरातलाच झाला, पंत. मोकळा दिवस आम्ही बंद करणार." पंत पाणीदेखील न घेता उठले. मग उखळाच्या सरदारांकडे गेले. त्यांनी पंतांस गादीवर बसविले आणि बोलिले, "बिऱ्हाड महिन्यात बाहेर, असा कायदा करतो. पण पेठेत तुमची मतं मूठभर, बिऱ्हाडांची पोतंभर, आणि ती सगळी पाटात जाणार. त्याचं काय?" मग सरदारच पुढे सरकून बोलिले, "मार्गशीर्षात गणतीचे कारकून दारोदार येतील. जो घरात दिसला त्याचं नाव राहील, नाही दिसला त्याचं कापतील. त्या दिवशी पेठेनं एकदम मोकळा दिवस धरायचा. आणि तुम्ही सर्व आमच्या मांडवात जेवायला यायचं." पंतांनी हे येऊन सांगताच मंगल कार्यालयात आनंद जाहला, आपलेच उखळ पांढरे होणार ऐसे जो तो बोलू लागला. आपण जेवावयास गेलो तर कारकून आपल्या दारी कोणास पाहतील, हे एकाच्याही ध्यानी आले नाही. घर आपले, भिंत आपली, आपले नाव कोण कापतो, ऐसा डौल. बिऱ्हाडकरूंच्या नावावर नजर ठेविता ठेविता स्वतःचे नावही कुठे लिहावे लागते हे लोक विसरले होते.

त्या समयी इंदिराबाईंस अर्धांगवायू होऊन त्या खाटेवर पडून होत्या. वामनराव खाली आले, सोंगट्यांस नव्हे, आणि उभ्यानेच बोलिले, "पंत, आमच्या कागदाचे अजून चार महिने बाकी आहेत. आणि हिला उचलता येत नाही. एवढ्या वेळी आम्हांला वगळा." पंत बोलिले, "सगळ्यांचं ठरलंय, वामनराव. मी वडील म्हणवतो, मीच सूट दिली तर चारचौघांत तोंड कसं दाखवू? एका रात्रीचा तर प्रश्न. कागदापुरतं." वामनराव बोलिले, "ती कागदावर नाही हो, पंत. खाटेवर आहे." पंतांनी मान खाली घातली, परंतु सूट दिली नाही. मग दोन हमालांनी बाईंस खुर्चीत बसवून जिना उतरविले. दाराशी पंत उभे होते, त्यांस बाई जड जिभेने बोलिल्या, "ताक फडताळात झाकून ठेवायला लावलंय. आठवणीनं घ्या. मांजर येतं." इतके बोलून त्या धर्मशाळेत गेल्या, आणि पंत बाहेरच्या दारास कुलूप घालून मांडवात जेवावयास गेले. जिलबी होती, मठ्ठा होता. कारकून पेठेत आले, दारोदार कुलपे पाहिली, आणि सरकारी कामात कुलूप घरधन्याचे की बिऱ्हाडकरूचे ऐसा भेद नसल्याकारणे सरसकट नावे कापून गेले.

धर्मशाळेची ओवरी तीन बाजूंनी उघडी, आणि थंडी मार्गशीर्षाची. पहाटेस पंत रिवाजाप्रमाणे थर्मास घेऊन आले तो वामनराव बाईंच्या उशाशी बसलेले, आणि बाईंच्या तोंडावरून चादर ओढलेली. पंत थर्मास हाती धरून उभे राहिले. त्या दिवशी कागदापुरते हा शब्द त्यांच्याने काढवला नाही. वामनराव माडीवर परतले नाहीत, मेव्हण्याकडे नदीपलीकडे राहावयास गेले. हे लिहिताना लिहिणाराचे मन विटते, परंतु जाहले ते लिहिणे प्राप्त.

पुढे कौलाचा दिवस आला. पंत धुतले धोतर नेसून चौकीवर गेले, तो यादीत नाव नाही. काशिनाथशेटांचे नाही, जावयाच्या सासऱ्यांचे नाही, पेठेतल्या एकाही घरधन्याचे नाही. अंमलदार बोलिले, "तुमच्याबरोबर एकाच छपराखाली सलग पाच वर्षं राहिलेल्या माणसानं येऊन साक्ष दिली, तर नाव चढवता येईल." पंतांच्या छपराखाली राहिलेला माणूस जगात एकच उरला होता. पंत नदी ओलांडून गेले आणि दारात उभे राहून चाचरत सर्व बोलिले. वामनरावांनी ऐकिले, टोपी घातली आणि बरोबर आले. चौकीवर येऊन बोलिले, "हे अंताजीपंत. तळमजल्यावर राहतात. मी माडीवर एकोणीस वर्षं होतो." घर आपले हे दाखवावयास पंतांनी कागदांचे बोचके आणिले होते, ते अंमलदारांनी सोडिले, आणि एकेक कागद पाहून बोलिले, "हे सगळे अकरा-अकरा महिन्यांचे. तुमच्याच सहीप्रमाणे हे गृहस्थ तिथे कधी सलग राहिलेच नाहीत. यांची साक्ष कशी धरू?" मग पंतांचे वय पाहून त्यांस दया आली, आणि बोलिले, "एक करा. मोकळा दिवस नावापुरता होता, भोरकर पती-पत्नी एकोणीस वर्षं तुमच्याच घरी राहिली, असं लिहून द्या. तुमचं नाव आत्ता चढवतो."

पंतांनी लेखणी घेतली. टोक कागदाशी नेले. तेवढ्यात मनात आले, की हे लिहिले तर कायद्याने माडीवर वामनरावांचा हक्क लागेल, आणि जन्मभराचे भय पुन्हा उठले. घर गिळील. समोर बायको गमावलेला म्हातारा उभा, आपल्यासाठी नदी ओलांडून आलेला, हे डोळ्यांस दिसत असूनही ते भय उठले. पंत लेखणी खाली ठेवून बोलिले, "एवढं लिहून देता येणार नाही." अंमलदारांनी बोचके परत बांधिले. वामनराव पायरी उतरले, थांबले, आणि रागावल्यावाचून बोलिले, "माडी मला नकोच होती, पंत. ती तिथे राहिली होती, एवढं तुमच्या हातचं हवं होतं." आणि नदीच्या वाटेस लागले. पंतांनी हाक मारावयास तोंड उघडले, परंतु काय म्हणून हाक मारावी ते सुचले नाही.

येणेप्रमाणे घरधन्यांनी पक्ष निवडिला. उखळ दुसऱ्या पेठांच्या जोरावर तख्तावर बसले. घरधनी हार घेऊन गेले तेव्हा पेठेत मते किती ऐसे विचारणे जाहले, आणि हार बाहेरच ठेवून घेतले. कायदा जाहला नाही. पंत आहेत, दिवेलागणीस पट मांडून बसतात. माडी एका दिवसापुरती मोकळी केली होती, ती अद्याप मोकळी आहे.