जोडलेले हात

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी प्राध्यापक मन्मथ उदगीरे यांनी दाढी केली, साडेसहाला चहा घेतला आणि पावणेसातला अंगणातली मोटारसायकल फडक्याने पुसली. हा क्रम अकरा वर्षांत चुकला नव्हता. आज फक्त हँडलला झेंडूचा हार अडकवलेला होता.

"हार बससाठी, अन् तुम्ही जाणार गाडीवर?" त्यांच्या पत्नी शिवकन्याबाईंनी दारातून विचारले.

"वेळेत पोचायला नको? बस समितीचा अध्यक्ष हाय मी."

बसचा थांबा घरापासून चारशे पावलांवर होता.

विष्णुपुरीच्या अलीकडच्या या वसाहतीतून नांदेडला जायला बस नव्हती. माणसे रिक्षात कोंबून जात, मुले ट्रकांना चुकवत हमरस्त्याच्या कडेने शाळा गाठत. उदगीरे सरांनी बससाठी निवेदने लिहिली. घरोघर फिरून सह्या मात्र वसाहतीतल्याच बानोने आणल्या. ती शहरात एका दुकानात गणवेश शिवायला जात असे. अखेर आठ दिवसांपुरती बस मंजूर झाली. प्रवासी मिळाले तरच ती पुढे चालणार होती. थांब्याला अजून पाटी नव्हती; जो हात दाखवील त्याच्यासाठी बस थांबणार होती.

सात वाजता समितीचे चौदा सभासद जमले आणि त्यांच्या चौदा मोटारसायकली रस्त्याकडेला ओळीने लागल्या. त्यांच्यातल्या अमरेशने नारळ आणला होता.

"आली, आली!"

"रांगेत थांबा," सरांनी बजावले. "अन् दोन्ही हात जोडा. ड्रायव्हरला वाटलं पाहिजे, इथली माणसं रीतीची हायेत."

चौदा जणांनी विनयाने हात जोडले. चालकाने वेग कमी केला, ही ओळ न्याहाळली, आपलाही एक हात आदराने कपाळाला लावला आणि हॉर्न वाजवून तो पुढे निघून गेला.

"आरं, थांबला कसा न्हाई?" अमरेशने विचारले. नारळ त्याच्या हातातच होता.

"कसा थांबंल?" मोटारसायकलींच्या मागून आवाज आला. तिथे बानो जेवणाचा डबा घेऊन उभी होती. "बसला हात दाखवायचा असतो सर, जोडायचा न्हाई. मी दाखवला, पण तुमच्या गाड्यांच्या आड दिसतंय कुणाला?"

सरांनी खिशातून किल्ली काढली. "मी सोडतो ना तुम्हाला गाडीवर."

"आज सोडताल. मग बस कशाला मागितली?" तिचा आवाज चढला नव्हता. "या चौदा जणांत बसनं जाणारं कोण होतं, सर?"

अमरेश नारळाची शेंडी निरखू लागला. बानो रिक्षाकडे वळली. आतल्यांनी अंग चोरले तेव्हा तिला कशीबशी जागा मिळाली.

"झालं स्वागत?" घरी शिवकन्याबाईंनी विचारले.

"झालं." सरांनी मान वर केली नाही. "या हाराचं काय करू?"

"गाडीलाच घाला. तिचीच तर सेवा चाललीय."

दुसऱ्या दिवशी सहा दहाला दाढी झाली, साडेसहाला चहा झाला. पावणेसातला सरांनी फडके हातात घेतले आणि ते पुन्हा दोरीवर टाकले. किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवून ते चालत निघाले. समितीतल्या कुणालाही त्यांनी कळवले नव्हते.

थांब्यावर एकटी बानो होती. तिने सरांच्या पायांकडे पाहिले.

बस दिसली. सरांनी उजवा हात उंच केला. डावा सवयीने वर येऊन त्याला मिळू नये, म्हणून तो त्यांनी पाठीशी घट्ट दाबून ठेवला.

बस थांबली.