जांभळा मोजा

सून अंघोळीला गेली होती, तेव्हा खुर्चीवर ठेवलेलं तिचं जांभळं कापड सासऱ्यांच्या नजरेस पडलं. मूळचं पांढरं सुती कापड, आणि त्यावर एवढा थोरला डाग. सासऱ्यांनी उभी हयात लाँड्री चालवली होती. त्यांचे हात शिवशिवले.

त्या कापडात सुनेची वर्षभराची मेहनत होती. प्रयोगशाळेत ती जांभळा रंग बनवणारे जिवाणू वाढवत असे. ते जिवाणू हा रंग हौसेनं बनवत नाहीत, स्वसंरक्षणासाठी बनवतात. त्याच्या आसपास बरेच जंतू फिरकत नाहीत. जिवाणू काढून निव्वळ रंग तिनं कापडावर चढवला होता. अशा चादरी घ्याव्यात का, हे ठरवायला एका हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई दोन दिवसांनी येणार होत्या. हे सगळं तिनं जेवताना सांगितलं होतं, पण सासऱ्यांनी तेव्हा कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं.

सासऱ्यांनी गरम पाण्यात डाग काढायची ठेवणीतली सगळी अस्त्रं ओतली. बादलीत जागा उरली म्हणून स्वतःचे पांढरे लोकरी मोजेही बुडवले. दिवसभर प्रयोगशाळेत कापड शोधून संध्याकाळी सून घरी आली, तर त्यांनी इस्त्री केलेलं पांढरंशुभ्र कापड तिच्या हातावर ठेवलं.

"हट्टी होता," ते म्हणाले, "पण आपल्यापुढे काय टिकतो?"

मग तिनं त्यांच्या कानात यंत्र घातलं आणि सगळं पुन्हा सांगितलं. सासऱ्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. काढलेला डाग परत चढवून देतो, असं त्यांनी सांगून टाकलं. तिची नजर दोरीवर खिळली होती. तिथे दोन जांभळे मोजे वाळत होते.

"हे धुतले नाहीत का, बाबा?"

"दोनदा उकळले. रंग ढिम्म हलत नाही. धंद्यात अशी नाचक्की कधी झाली नव्हती."

धुण्यात रंग टिकत नाही, हेच सुनेचं वर्षभराचं दुखणं होतं. तिनं डोळे पुसले आणि एक मोजा घेऊन ती तडक प्रयोगशाळेत परत गेली.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा काचेच्या बशीत जंतूंची दाट साय धरली होती. मधोमध मोज्याचा तुकडा होता आणि त्याच्याभोवती लख्ख मोकळं कडं. बाईंनी ते बराच वेळ निरखलं. रंग असा पक्का कोणी केला, असं त्यांनी विचारलं. सुनेनं सोबत आलेल्या सासऱ्यांकडे बोट दाखवलं. पाण्यात काय काय घातलं होतं, हे बाईंनी फार अदबीनं विचारलं.

सासऱ्यांना त्यातलं एकही धड आठवेना. त्यांनी छाती पुढे काढली.

"ते धंद्यातलं गुपित आहे," ते म्हणाले. "चादरी किती हव्यात तेवढं बोला."

बाहेर पडल्यावर सुनेनं हळूच विचारलं, "बाबा, खरंच आठवतंय ना?"

"आठवायचं कशाला? घरात पांढरे कपडे काय कमी आहेत? एकेक करून बघू."

महिनाअखेरीस कृती सापडली. तोवर तिचा नवरा ऑफिसला जांभळ्या शर्टात जायला सरावला होता.