तात्यांचा अंगठा

आमच्या शेजारचे तात्या माणसाला रामराम करायच्या आधी त्याच्या कुत्र्याला चाचपतात. रंकाळ्यावर कुणी अनोळखी माणूस लॅब्रेडॉर फिरवताना दिसला, की तात्या गुडघे टेकून त्या कुत्र्याच्या फासळ्यांवर अंगठा फिरवायला लागलेच. "पावणं, घाबरू नका. कुत्र्याला न्हाय, तुमाला म्हणतोय."

हयातभर ते शिरोलीच्या एका फौंड्रीत तपासनीस होते. ओतलेल्या लोखंडावर अंगठा फिरवून कुठं फुगवटा आहे, कुठं खड्डा आहे ते सांगायचे. निवृत्तीनंतर लोखंड सुटलं, सवय सुटली नाही. गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याचं चित्र त्यांच्या वहीत आहे. गाठ असेल तिथं टिंब आणि शेजारी माप: हरभरा, शेंगदाणा, सुपारी.

एकदा आमच्या कुत्र्याच्या, बंड्याच्या, पोटावर त्यांना दोन सारख्या गाठी सापडल्या. मी शिकवते त्या शाळेतून मला बोलावून घेतलं आणि आम्ही रिक्षानं दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "काका, ही स्तनाग्रं आहेत. नर कुत्र्यालाही असतात."

तात्यांनी पुन्हा बंड्याच्या पोटावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "व्हय? मग बाकीची कुटं गेली? दोनच कशी घावली मला?"

त्यामुळे या हिवाळ्यात त्यांनी बंड्याच्या पुढच्या पायामागं बोट ठेवून "बाई, ही तसली न्हाय" म्हटलं, तेव्हा मी हसले. मला काहीच लागत नव्हतं. पंधरा दिवसांत मात्र सुपारीएवढी गाठ हाताला लागली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, हळद-चुना लावा. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, पिळून काढा.

"पिळतोय कोण? फोड हाय व्हय ती?" तात्या असे कडाडले की वरच्या मजल्यावरची खिडकी बंद झाली. "सुई घालून आत काय हाय ते डॉक्टर बगतील. चला."

डॉक्टरीणबाईंनी सुईनं तपासलं. गाठ चांगली नव्हती, पण लहान असतानाच आलो होतो. काढायची ठरली.

ऑपरेशनच्या दिवशी गल्लीभर ऐकू जाणारा हा माणूस दवाखान्याच्या बाकावर चिडीचूप बसला. मी चहा आणला, तो तसाच गार झाला. बंड्या गुंगीत बाहेर आला, तेव्हा तात्यांनी फक्त त्याचा कान हातात धरला. पुढं तपासणीचा कागद आला. गाठ पूर्ण निघाली होती.

तोवर बंड्या तात्यांकडंच होता. "तुमी शाळंला गेलासा की ह्यो टाकं चाटत बसंल. ऱ्हाऊ दे माझ्याकडं," असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

टाके निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, मी साखळी घेऊन त्यांच्याकडं गेले. वर्षापूर्वी काकू गेल्या, मुलगा पुण्याला. पलंगावर काकूंची गोधडी, गोधडीवर बंड्या, आणि शेजारी खुर्चीत तात्या. बंड्या मजेत घोरत होता.

तात्या माझ्याकडं न बघता म्हणाले, "अजून जरा वलं वाटतंय बगा, बाई."

मी वाकून बोट फिरवलं. जखम खडखडीत वाळली होती.

"ह्यो घोराय लागला की मलाबी दुपारचा डोळा लागतोय," ते हळूच म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"ओलं आहे हो तात्या," मी म्हटलं. "राहू दे अजून." साखळी त्यांच्याच दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि घरी आले.